चातुर्थिक ज्वर ते चतुर्गुणित कापूस : 'चार' या उपपदाचा मराठवाड्यातील इतिहास

जालना जिल्ह्यात मृगाच्या पावसानंतर जी सरकी टोबली जाते, तिच्या प्रत्येक पेशीत ५२ गुणसूत्रे असतात. १०० वर्षांपूर्वी याच काळ्या रानात जी सरकी पडत असे, तिच्यात बहुतांशी २६ असत. मधल्या काळात इथल्या पऱ्हाटीची जातच बदलली. या बदलाला वनस्पतिशास्त्रात एक नेमका शब्द आहे : टेट्राप्लॉइड. मराठी परिभाषेत चतुर्गुणित. बियाणे विकत घेणाऱ्याला हा शब्द ऐकवला जात नाही आणि त्याचे त्यावाचून काही अडतही नाही. पण या एका शब्दामागे ग्रीक वैद्य, चरकाचे टीकाकार, हैदराबादचे हकीम, उस्मानिया विद्यापीठाचे भाषांतरकार आणि जालन्याचा बियाणे उद्योग एकाच रांगेत उभे राहतात. ही रांग नीट पाहायची, तर सुरुवात 'चार' या शब्दापासूनच करावी लागते.

ग्रीक 'टेट्रा', लॅटिन 'क्वाड्रि', संस्कृत 'चतुर्', फारसी 'चहार' आणि मराठी 'चार' हे पाच वेगळे शब्द नाहीत. इंडो-युरोपीय मूळ भाषेत 'क' आणि 'व' यांच्या मिश्रणासारखा एक आरंभीचा ध्वनी होता. लॅटिनने तो बराचसा जपला, ग्रीकने त्याचा 'त' केला, तर संस्कृत व इराणी भाषांनी 'च'. संस्कृत 'चत्वारि' प्राकृतात 'चत्तारि' झाले आणि तिथून झिजत मराठीत 'चार' म्हणून स्थिरावले. समासात येणारे 'चतुः' हे 'चउ' होऊन 'चौ' झाले. चौकोन, चौरस, चौपट, चौरंग, चौघडा, चौथाई ही सगळी त्याचीच प्रजा. मराठ्यांच्या इतिहासातील 'चौथ' हा शब्दही त्याच घरातला : मुळात 'चौथा' असा क्रम दाखवणारा, पुढे 'चौथा हिस्सा' असा अपूर्णांक झालेला.

शाळेच्या भूमितीत एक गंमत दडलेली आहे. मराठी विद्यार्थी त्रिकोण शिकतो, पंचकोन शिकतो, षट्कोन शिकतो. ही सगळी संस्कृत वळणाची नावे. पण या रांगेत मधेच 'चौकोन' उभा असतो, तो घरगुती मराठी आहे. हिंदीच्या पाठ्यपुस्तकात तिथे 'चतुर्भुज' येतो. मराठीने मात्र वाड्याच्या चौकातला, रांगोळीतला, वावराच्या बांधातला शब्द उचलून शास्त्राच्या पंक्तीला बसवला आणि कुणाला तो खटकला नाही. चार बाजूंची आकृती घनरूप झाली की मात्र मराठी पुन्हा सोवळे नेसते आणि 'चतुष्फलक' म्हणते.

शास्त्रातील 'चार'चा सर्वांत जुना आणि सर्वांत जीवघेणा उपयोग भूमितीत नाही, तापात आहे.

ठरावीक दिवसांच्या अंतराने येणारा हिवताप प्राचीन वैद्यांनी बोटांवर मोजून ओळखला. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांत 'टेटार्टाइओस' नावाचा ताप आहे, अर्थ 'चौथ्या दिवसाचा'. लॅटिनमध्ये तो 'क्वार्टाना' झाला आणि इंग्रजीत 'क्वार्टन'. चरकसंहितेत विषमज्वराचे पाच प्रकार सांगितले आहेत : संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक. अरबी आणि युनानी वैद्यकात याच तापाला 'हुम्मा-ए-रिबा' म्हणत. 'रिबा'च्या मुळाशी अरबीतला चार आहे. वर सांगितलेल्या कुटुंबाशी त्याचे रक्ताचे नाते नाही. म्हणजे भाषेचे मूळ वेगळे असूनही मोजणी मात्र तीच.

इथे आजच्या वाचकाची एक फसगत होते. चातुर्थिक ज्वर खरे तर दर ७२ तासांनी येतो, म्हणजे आपल्या हिशेबाने तीन दिवसांनी. मग त्याला चौथ्याचा का म्हणायचे? कारण ग्रीक, रोमन आणि भारतीय वैद्य ताप आलेला दिवस पहिला धरत. सोमवारी हुडहुडी भरली तर सोमवार पहिला, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा आणि गुरुवारी, चौथ्या दिवशी, पुन्हा हुडहुडी. तृतीयकाचेही तसेच; तो एक दिवस सोडून येतो, म्हणून मराठी बोलीत तो 'एकांतरा'. बोलीने मधला रिकामा दिवस मोजला, शास्त्राने तापाचे दोन्ही दिवस धरून मोजले. एकच आजार 'एकांतरा' आणि 'तृतीयक' अशा परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन नावांनी वावरत राहिला, त्याचे कारण एवढेच.

चरकाच्या परंपरेत याहून बारीक एक निरीक्षण आहे. 'चतुर्थकविपर्यय' नावाचा एक प्रकार तिथे येतो : चार दिवसांत पहिला आणि चौथा दिवस मोकळा, मधले दोन दिवस ताप. अर्थात चातुर्थिकाचा नेमका उलटा आरसा. आधुनिक वैद्यकात याचे स्पष्टीकरण सोपे आहे. रुग्णाच्या रक्तात चातुर्थिक हिवतापाच्या परोपजीवींच्या दोन पिढ्या एका दिवसाच्या अंतराने वाढत असतील, तर दोन दिवस ताप आणि एक दिवस सुटका असेच चक्र दिसते. सूक्ष्मदर्शक नसताना, रक्ताचा थेंब कधी तपासलेला नसताना, केवळ रुग्णाच्या उशाशी बसून हे टिपले गेले. प्राचीन ग्रंथांत विमाने शोधणाऱ्या मंडळींनी अशा खऱ्या निरीक्षणाकडे थोडे लक्ष दिले असते, तर बरे झाले असते.

या चार दिवसांचे रहस्य उलगडले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८८० मध्ये लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरने अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात परोपजीवी पाहिला. पुढे १८८५-८६ च्या सुमारास इटलीत कामिल्लो गोल्जीने दाखवले की चातुर्थिकाचा परोपजीवी तांबड्या पेशीत ७२ तास वाढतो, मग त्याचे एकाच वेळी विभाजन होऊन पेशी फुटतात आणि त्याच क्षणाला हुडहुडी भरते. वैद्यांनी २००० वर्षे जी मोजली ती त्या जीवाच्या आयुष्याची घटका होती. डासाचा दुवा २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉसने जुळवला तो सिकंदराबादेत, निजामाच्या राज्यात. जालनाही तेव्हा त्याच राज्यात होते. पुढे तीनच वर्षांत, १९०० मध्ये, सिकंदराबाद ते मनमाड हा हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग सुरू झाला आणि जालना त्या रुळांवरचे स्थानक बनले.

एकोणिसाव्या शतकातील जालन्यात इंग्रजी फौजेची छावणी होती, हैदराबादच्या राज्यव्यवस्थेबरोबर आलेली युनानी हिकमत होती आणि गावोगाव वैद्य होते. छावणीच्या डॉक्टरच्या नोंदवहीत 'क्वार्टन', हकिमाच्या तोंडी 'रिबा', वैद्याच्या तोंडी 'चातुर्थिक' : एका शहरात एका तापासाठी 'चार'चे तीन शब्द नांदू शकत होते. रुग्णाच्या दृष्टीने यातला कोणताही शब्द कामाचा होता, कारण पुढचा ताप कधी येणार हे तिघेही सारखेच सांगू शकत. तीन परंपरा एकमेकींशी क्वचितच बोलल्या. पण मोजत मात्र एकसारख्या राहिल्या.

वैद्यकात 'चार' असलेला प्रत्येक शब्द मात्र तसा असतोच असे नाही. 'टिटॅनस'मध्ये 'टेट्रा' नाही. तो ताणणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला आहे. शरीर ताणले जाऊन कमानीसारखे वाकते, म्हणून. मराठीतला 'धनुर्वात' हेच चित्र धनुष्याच्या रूपाने रेखाटतो. याउलट 'क्वाड्रिप्लेजिया', म्हणजे दोन्ही हात व दोन्ही पाय लुळे पडणे, या शब्दात चार आहे, पण पुढचा भाग ग्रीक आणि मागचा लॅटिन असा जोड आहे. शुद्धतेचा आग्रह धरणारे डॉक्टर म्हणून 'टेट्राप्लेजिया' म्हणतात. संस्कृत वैद्यकाला ही चिंता नव्हती. तिथे वेगळीच अडचण होती. चरकाने वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण असे चिकित्सेचे चार पाय सांगून तिला 'चतुष्पाद' म्हटले. आणि गायबैलांनाही संस्कृतात चतुष्पादच म्हणतात.

आता उर्दूकडे वळायला हवे, कारण मराठवाड्याच्या शास्त्रीय भाषेचा एक अख्खा अध्याय त्या लिपीत लिहिला गेला आणि मराठी वाचकांना तो जवळजवळ अपरिचित आहे.

हैदराबादेत १८४६ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली, तेव्हा तिचे माध्यम उर्दू होते. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज जवळपास त्याच सुमारास इंग्रजीतून सुरू झाले, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे या निर्णयाचे वेगळेपण कळते. त्या हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेविषयी दोन आयोग बसले आणि त्यांचे अहवाल लंडनमध्ये वाचले गेले. पुढे १९१७ मध्ये 'दारुल तर्जुमा' हे भाषांतर कार्यालय स्थापन झाले आणि पाठोपाठ १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. भौतिकशास्त्रापासून वैद्यकापर्यंत सर्व विषय भारतीय भाषेतून शिकवायचे, तर हजारो शब्द घडवणे भाग होते. तिथे वाद पेटला : शब्द अरबीतून घ्यायचे की देशी घडणीतून? वहीदुद्दीन सलीम यांनी 'वज़्-ए-इस्तिलाहात' या ग्रंथात उर्दूची घडण आर्य भाषेची आहे, हे लक्षात घेऊन शब्द बांधावेत, अशी बाजू मांडली. प्रत्यक्षात अरबीचे पारडे बरेच जड राहिले. उर्दू गणितात चौरसाला 'मुरब्बा' म्हणतात. हा शब्द अरबी 'चार'पासूनच आला आहे. (मोरावळ्याच्या मुरब्ब्याशी त्याचा संबंध नाही. तो वेगळ्या धातूचा.)

म्हणजे १९३० च्या दशकात जालन्यातला एखादा मराठी मुलगा उच्च शिक्षणासाठी हैदराबादला गेला, तर घरी 'चौरस' म्हणणारा तो वर्गात 'मुरब्बा' शिकत असे. राज्यातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड असताना सर्व ज्ञान उर्दूतून देणे, हा अन्याय होताच. हैदराबाद मुक्तिसंग्रामात तो एक ठसठशीत मुद्दाही होता. पण त्याच वेळी, आधुनिक विज्ञान भारतीय भाषेतून विद्यापीठ पातळीवर शिकवून दाखवणारा तो देशातला पहिला मोठा प्रयोग होता, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवता आल्या, तरच उस्मानियाचे मूल्यमापन नीट होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तिथले माध्यम इंग्रजीकडे झुकले. मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापन केले आणि परिभाषा कोशांचे काम सुरू झाले. 'रिबा' आणि 'मुरब्बा' मागे पडले, 'चतुर्'ची राजवट आली. एका पिढीच्या आत मराठवाड्यातल्या 'चार'ने वंश बदलला.

विसाव्या शतकातील रसायनशास्त्राला मात्र कोणत्याच राजवटीशी देणेघेणे नव्हते. त्याला अचूक मोजणी हवी होती. क्लोरोफॉर्ममध्ये कार्बनच्या एका अणूला तीन क्लोरीन जोडलेले असतात. त्यात चौथा बसवला की 'कार्बन टेट्राक्लोराइड' तयार होते. तिसऱ्याने भूल पडते. चौथ्यानेही थोडी पडते, पण यकृत नासते. तरीही १९२१ मध्ये अमेरिकेतील मॉरिस हॉलने अंकुशकृमींवर त्याचा उपयोग सुचवल्यानंतर काही वर्षे ते औषध म्हणून दिले जात होते, भारतातही. नावातील एका उपपदाचा फरक यकृताने मोजला. अशा नावांचे मराठीकरण झाले नाही आणि झाले नाही तेच बरे.

'टेट्रासायक्लिन'चेही तसेच. त्या रेणूत चार कडी एकमेकींना चिकटून असतात, म्हणून हे नाव. या कुळातले पहिले औषध, ऑरिओमायसिन, बेंजामिन डग्गर यांनी लेडर्ली प्रयोगशाळेत मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळवले आणि ते १९४८ मध्ये जगापुढे आले. त्या प्रयोगशाळेचे संशोधन संचालक होते भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात हैदराबाद संस्थान विलीन झाले. या दोन घटनांचा परस्परसंबंध काही नाही, पण दख्खनच्या इतिहासाचे ते वर्ष लक्षात ठेवताना हेही एक नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता कापूस. इथे 'चार'चा अर्थ सर्वांत खोल आहे.

सामान्य सजीवाच्या शरीरपेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडचा आणि एक बापाकडचा. त्याला द्विगुणित म्हणतात. भारताच्या दोन देशी कापूस जाती, गॉसिपियम आर्बोरियम आणि गॉसिपियम हर्बेशियम, द्विगुणित आहेत : १३ गुणसूत्रांचे दोन संच, मिळून २६. अमेरिकन कापूस, गॉसिपियम हिर्सुटम, चतुर्गुणित आहे : १३ चे चार संच, मिळून ५२. १९२० च्या दशकात शास्त्रज्ञांनी हे आकडे मोजले, तेव्हा शेतकऱ्याला आणि बीजपैदासकाराला जुन्या काळापासून छळणाऱ्या एका कोड्याचे उत्तर मिळाले. देशी आणि अमेरिकन कापसाचा संकर मुळात क्वचितच जमे आणि जमलाच तर त्याचे झाड वांझ निघे. कारण अशा झाडात १३ आणि २६ मिळून ३९ गुणसूत्रे येतात. त्यांच्या जोड्याच लागत नाहीत.

मग हे चार संच आले कुठून? उत्तर चकित करणारे आहे. यांपैकी दोन संच जुन्या जगातल्या, आपल्या देशी कापसाच्या नातलगाचे आहेत आणि दोन अमेरिकेतल्या रानटी कापसाचे. सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी, माणूस शेती करू लागण्याच्या कितीतरी आधी, या दोन वंशांचा अमेरिका खंडात संकर झाला आणि गुणसूत्रे दुपटली. आश्चर्य असे की त्या अमेरिकन रानटी पूर्वजाला कातण्याजोगा धागा नाहीच. तरीही दोघांच्या संयोगातून जो कापूस निपजला, त्याचा धागा देशी कापसाहून लांब भरला. म्हणजे 'अमेरिकन' म्हणून ज्याला आपण परका समजतो, त्याच्या निम्म्या कुंडलीत देशी कापसाचे गोत्र आहे.

हा तर्क सिद्ध करण्यासाठी निसर्गाने केले ते प्रयोगशाळेत करून दाखवावे लागणार होते. १९३७ मध्ये अमेरिकेत ब्लेक्सली आणि एव्हरी यांनी दाखवले की कोल्चिसीन नावाच्या द्रव्याने वनस्पतीच्या पेशीतील गुणसूत्रे दुप्पट करता येतात. पेशी विभागायला निघते, गुणसूत्रे दुपटतात, पण विभाजन अडते. १९४० मध्ये टेक्सासच्या बीसलीने आशियाई आर्बोरियम आणि अमेरिकन रानटी कापूस यांच्या वांझ संकराला कोल्चिसीन दिले आणि ५२ गुणसूत्रांचे प्रजननक्षम झाड मिळवले. आणि हे कोल्चिसीन येते कोल्चिकम या वनस्पतीपासून, जिच्या कंदांना युनानी वैद्यकात 'सुरंजान' म्हणतात. सांधेदुखीवर आणि वातरक्तावर हकीम ते शतकानुशतके देत आले. हैदराबादच्या हकिमाच्या बरणीतले औषध कापसाच्या जन्माचे कोडे सोडवायला उपयोगी पडले.

गोदावरीच्या खोऱ्यात कापूस किती जुना आहे, याची कल्पना यावी म्हणून एक नोंद पुरेशी आहे. प्रवरेकाठच्या नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन थरात, एका बालकाच्या दफनातील तांब्याच्या मण्यांच्या माळेत कापूस आणि रेशमाचा धागा सापडला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगर, म्हणजे आजच्या तेर येथून, भडोचकडे जाणाऱ्या सुती कापडाचा उल्लेख आहे. हा सगळा व्यापार २६ गुणसूत्रांच्या कापसावर उभा होता.

लँकेशायरच्या यंत्रांना मात्र त्याचा धागा आखूड वाटे. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून मळेवाले आणून इथे अमेरिकन कापूस रुजवण्याचा खटाटोप केला. धारवाडच्या काळ्या जमिनीत तो काहीसा साधला. बाकी बहुतेक ठिकाणी फसला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाड आणि मराठवाड्याच्या गावठी कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईच्या बाजारात या सगळ्या टापूतला माल अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणून विकला जाई. पण युद्ध संपताच भाव कोसळले. रेल्वे आली, सरकी काढणारी जिनिंगे आली, गठाणी बांधणारे दाबखाने आले. रानातली पऱ्हाटी मात्र देशीच राहिली. निजामाच्या राज्यात परभणीच्या महबूब बागेत कापूस संशोधन चाले, तेही 'गावरानी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशी कापसावरच.

उलटापालट झाली ती फाळणीने. पंजाब आणि सिंधमधला कालव्याच्या पाण्यावरचा अमेरिकन कापूस पाकिस्तानात गेला आणि गिरण्या मुंबई-अहमदाबादेत राहिल्या. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात राहिलेल्या कापूस क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्के क्षेत्र देशी जातींखाली होते. गिरण्यांना लांब धागा हवा होता आणि परकीय चलन तुटपुंजे होते. चतुर्गुणित कापूस देशभर नेण्याचा निर्णय या टंचाईतून झाला.

त्यातच जालन्याची कहाणी सुरू होते. बद्रीनारायण बारवाले हे १९३१ मध्ये हिंगोलीत जन्मलेले, हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंगवास भोगलेले गृहस्थ. त्यांनी १९६४ मध्ये जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, स्थापन केली. आज जालन्याला बियाण्यांची राजधानी म्हणतात, ते या आरंभामुळे. १९७० मध्ये सुरतेत सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा कापसाचा जगातला पहिला व्यापारी संकर दिला. १९७२ मध्ये धारवाडला कटारकी यांनी 'वरलक्ष्मी' दिला, त्यात हिर्सुटम आणि बार्बाडेन्स या दोन जातींचा मेळ होता. दोन्ही जाती ५२ गुणसूत्रांच्या, म्हणून हा मेळ जमला. संकर बियाणे हाताने तयार होते : दुपारी कळीतले पुंकेसर नखाने सोलायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग तिच्यावर फिरवायचा, कळीमागून कळी. हे काम मुख्यतः स्त्रिया करतात, आणि बराच काळ यात मुलांनाही राबवले गेले. भारतीय कापसाच्या इतिहासात या हातांचा उल्लेख फारच तोकडा आहे.

२००२ च्या मार्चमध्ये महिकोच्या तीन बीटी संकरांना केंद्राची परवानगी मिळाली. त्यानंतर काही वर्षांतच देशी पऱ्हाटी मराठवाड्याच्या रानांतून जवळपास पुसली गेली. इथे एक भेद स्पष्ट ठेवायला हवा. शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते ते कापूस चतुर्गुणित आहे म्हणून नव्हे, तर तो संकरित आहे म्हणून. संकराच्या पुढच्या पिढीत गुण विखुरतात. अमेरिकेत आणि चीनमध्येही चतुर्गुणितच कापूस पिकतो, पण तिथे मुख्यतः सरळ वाण लावले जातात. चार संच, संकर आणि बीटी जनुक या तीन वेगळ्या गोष्टी जालन्याच्या रानात एकाच पाकिटातून आल्या, म्हणून त्या एकच वाटतात. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात थैमान घातले तेव्हाच्या वादात हा गोंधळ पदोपदी दिसला.

देशी कापसाने काय गमावले, याचा हिशेब एकतर्फी नाही. त्याचा धागा बहुतेक वाणांत आखूड आणि जाड. बोंडे लहान, वेचणी जिकिरीची. पण त्याची मुळे खोल जातात, पावसाचा खंड तो अधिक सोसतो, आणि रस शोषणाऱ्या किडींना त्याची पाने सहज दाद देत नाहीत. जालन्यासारख्या कमी व लहरी पावसाच्या, बहुतांश कोरडवाहू जिल्ह्यात हे गुण क्षुल्लक नव्हेत. ५२ गुणसूत्रांच्या पिकाला जे औषध फवारावे लागते, त्यातले बरेचसे २६ ला लागत नसे.

'चार'चे धान्यही या रानांत होते, हे जाता जाता नोंदवायला हवे. खपली आणि बन्सी हे दोन्ही गहू चतुर्गुणित आहेत, २८ गुणसूत्रांचे. आजची पोळी ज्या गव्हाची होते तो षट्गुणित, ४२ चा. भुईमूगही चतुर्गुणित, ४० चा. म्हणजे कापसात चाराने दोनाला हुसकावले, तर गव्हात सहाने चाराला.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कापसाची साथ सोडली नाही. पीए-२५५, पीए-४०२ यांसारखे त्याचे वाण आर्बोरियमचेच, पण गिरणीला चालेल इतक्या लांब धाग्याचे. त्या विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर एका पट्ट्यात २६ आणि शेजारच्या पट्ट्यात ५२ गुणसूत्रांची पऱ्हाटी उभी दिसू शकते. जवळून पाहिले तर देशीची पाने अधिक अरुंद आणि खोल कापलेली, फूल बहुधा पिवळे आणि त्याच्या तळाशी गडद लाल ठिपका. गावात या दोहोंना 'गावरान' आणि 'अमेरिकन' अशीच नावे आहेत. कोशातला 'चतुर्गुणित' अजून बांधापर्यंत पोचलेला नाही.